हळदीच्या वहीचं शेवटचं पान

कागदांची पेटी माळ्यावर ठेवलीय.
एकोणीसच्या पुराची रेघ अजून भिंतीवर आहे,
तिच्याहून दोन हात वर.
कुमुद, किल्ली मेथीदाण्याच्या डब्यात.

बँकेत तुझंही नाव लावलंय.
मार्केट यार्डात इब्राहिमचे चहाचे ऐंशी रुपये राहिलेत.
तो मागणार नाही,
म्हणून आधी त्याचे.

श्वास अडला तर मिरजेला न्या,
पण यंत्रावर ताटकळत ठेवू नका.
बाहुबली हट्ट करेल, त्याला हे पान दाखव.
चाळीस वर्षं पोती तोलली मी,
काटा कुठं थांबतो ते कळतं.

डोळे देऊन टाका.
नखांतली हळद मात्र राहू दे,
घासत बसू नका.

हिनं हे वाचलं मंगळवारी.
"भरल्या घरात काय अभद्र लिहिता!"
वही आपटून परसात गेली.
भांडी जरा जास्तच वाजली.

आज बघतो तर खाली
पेन्सिलीनं, तिचं वाकडं अक्षर:

मोहनमाळ धाकटीला.
मला दवाखान्यात नको,
इथंच, पश्चिमेच्या खिडकीपाशी.
आणि हे आधी गेले तर
गॅसचं पुस्तक कुठं असतं
तेवढं लिहायचं राहिलंय यांचं.