व्यासपीठाच्या डावीकडे

टॉलिव्हर गावात एक कॉलेज आहे, धान्याचे दोन मनोरे,
आणि मार्च निम्मा सरला तरी न वितळलेलं तळं.
आज तिथल्या जुन्या व्यायामशाळेत
आस्त्रिद हॉल्वरसन वाचणार, म्हणून
घडीच्या खुर्च्या चर्चमधूनसुद्धा मागवल्यात.
भिंतीवर बास्केटबॉलचा फलक तसाच:
यजमान शून्य, पाहुणे शून्य.

मी डावीकडे उभी, काळ्या सदऱ्यात,
म्हणजे हात उठून दिसतात.
कविता आठवडाभर आधी मागितल्या होत्या.
प्रकाशकाचं उत्तर आलं: बाई ऐन वेळी ठरवतात.
ठीक आहे. हातावरचं पोट माझं,
अक्षरशः.

पहिल्या रांगेत विल्मर क्रुट्झ.
साडेतीनशे माणसांत माझं गिऱ्हाईक तो एकटा.
चौतीस वर्षं त्याने गावच्या वर्तमानपत्रात खिळे जुळवले;
यंत्रांच्या खडखडाटात बाकीचे हळूहळू बहिरे झाले,
हा आधीपासूनच होता, म्हणून टिकला.
आज टाय लावून आलाय. टायवर मासा.

बाई एक्याऐंशीच्या.
माइक शिट्टी मारू लागला तसं
कानातलं यंत्र काढून त्यांनी पेल्याशेजारी ठेवलं
आणि कुणाकडे न बघता सुरुवात केली.

पहिल्या तीन निभावल्या.
गाय, बहिणीचं लग्न, दवाखान्याची खिडकी,
या गोष्टी हातात मावतात.
चौथीत बाप मध्यरात्री अंथरुणात उठून बसतो
आणि तळ्यावरचा बर्फ ऐकतो.
कण्हतो बर्फ, म्हणाल्या.
मग म्हणाल्या, नाही, कण्हत नाही,
आणि एक शब्द उच्चारला, आजीचा, बोटीतून आलेला,
ज्याचा अर्थ त्यांनी सांगितला नाही.
सगळ्या शाळेने श्वास रोखला.
माझे हात हवेत, रिकामे,
भांडं विसरून पाण्याला गेल्यासारखे.

मी विल्मरकडे पाहिलं.
असं पाहायचं नसतं, आमच्या धंद्यात नियम आहे.
त्याने मांडीवरून दोन्ही तळवे उचलले,
कडेला कड लावली,
एक दुसऱ्याखाली सरकवला
आणि थरथर कोपरापर्यंत जाऊ दिली.
हिवाळाभर मासे धरायला तो बर्फावर उभा असतो;
तळपायांना ठाऊक असलेलं होतं ते.
मी जसंच्या तसं उचललं
आणि त्यालाच परत केलं.
हातउसनं, हातोहात फेडलेलं.
तेवढ्यात पुढची ओळ निसटली.
ती कोणती होती, मला अजून माहीत नाही.

सहीची रांग फलकाखालून दारापर्यंत.
मरिबेल नावाची विद्यार्थिनी पुस्तकं उघडून पुढे सरकवत होती.
मी मोठ्याने नाव सांगितलं: विल्मर.
यंत्र अजून पेल्याशेजारीच.
बाईंनी वळणदार लिहिलं, 'प्रिय विल्मा'.

मी तोंड उघडणार तोच
त्याने त्यांच्या हातून पेन काढून घेतलं,
शेवटचं अक्षर खोडलं, शेपूट वळवून गाठ मारली,
समासात दुरुस्ती लिहिली,
मुद्रितशोधकाच्या खुणांत,
ज्या या गावात आता कुणालाच वाचता येत नाहीत.
बाईंना आल्या.
दाढेतलं सोनं दिसेपर्यंत त्या हसल्या
आणि खाली लिहिलं: छापायला हरकत नाही.
आद्याक्षरं. तारीख. तारीख चुकलेली.
ती त्याने राहू दिली.

बाहेर गाड्यांपाशी त्याने विचारलं,
तो शब्द ऐकायला कसा होता?
मी दोनदा हात वर केले,
दोनदा खिशात घातले.
तो म्हणाला, राहू दे, थंडी आहे.

बिलात लिहिलं: दोन तास दहा मिनिटं,
जाण्यायेण्याचे चौसष्ट मैल.
पार्किंगचे तीन डॉलर कॉलेज देतं म्हणे.
बघू.