काठाची वही

तांडापेठेत दुपारी दोनला
कुत्रीसुद्धा नालीतून उठत नाहीत.
मी कूलरसमोर बसून कूलरचाच बोर्ड काढतेय.
टाकीतलं पाणी संपलं की पंप बंद,
एवढंच त्याचं काम.
धवडांच्या दुकानात दर उन्हाळ्यात
चाळीस-पन्नास पंप कोरडे फिरून जळतात,
आणि शिव्या धवडांना.

जुनं सॉफ्टवेअर आज उघडलं नाही.
फुकट होतं, म्हणून सात वर्षं वापरलं.
सकाळी म्हणालं, ही आवृत्ती बंद झाली,
पुढे यायचं तर दरसाल भरा.
एकतीस बोर्ड आत. मी बाहेर.
स्वतःच्याच दाराशी
चपला हातात घेऊन उभं राहावं तशी.

हिंगण्याहून भाच्याचा फोन :
"काहून टेन्शन घेऊन राहिली मावशी?
क्रॅक मारून देतो ना, पाच मिनिटांचं काम."
दुसरं एक फुकटच आहे, पण तळहाताएवढ्या बोर्डापुरतं.
तिसरं सगळं ढगात ठेवतं,
आणि आमची लाइन जाते भर दुपारी.
चौथं मुक्त.
कुणी कुणी लिहिलं त्याची लांबलचक यादी,
एकही नाव ओळखीचं नाही.
मेनू आडमुठा, शॉर्टकट सगळे वेगळे.
पण त्याची फाइल मी साध्या नोटपॅडात उघडली
तर माझे रेझिस्टर मला वाचता आले,
ओळीनं, आपापलं नाव-पत्ता घेऊन बसलेले.

बाबा हातमागावर लुगडी विणायचे.
सूत शेठचं, रंग शेठचा,
मजुरी शेठ म्हणेल ती.
काठ मात्र ते आलेखाच्या वहीत
पेन्सिलीनं भरायचे, एकेक चौकोन मोजून.
ती वही शेठनं मागितली होती. दोनदा.
"सापडून नाही राहिली," म्हणाले बाबा,
वहीवरच बसून.
माग भंगारात गेला. वही अजून उघडते.

वरच्या थरावर आडव्या रेघा, खालच्यावर उभ्या,
गाठ पडली की भोक पाडून पलीकडे उतरायचं :
हे मला पॉलिटेक्निकनं शिकवलं
असं मी लोकांना सांगत आले.

तीन रात्री शिकले.
एकदा माउस आपटला, त्याचं चाक अजून अडतं.
चौथ्या दिवशी मोरीत टब ठेवून
फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड हलवत बसले,
नको ते तांबं सुटत गेलं,
बोटं आठवडाभर हळदीच्या लग्नासारखी पिवळी.
आणि पंपाचा सॉकेट
आरशात पाहावा तसा उलटा.
धवड म्हणाले, "पहिलंच आहे मॅडम, चालते."
चालत नव्हतं.

रात्री पुन्हा फाइल उघडली. उघडली,
एवढ्यानंच जरा बरं वाटलं.
शेजारी वही होती, उगाच चाळली.
एका मोराला बाबांनी तीन पाय काढलेत.
तिसरा नंतर रबरानं पुसलाय,
पण पेन्सिलीचा दाब
अजून हाताला लागतो.