तिसरं पोर्ट

गॅस्केट आधी लावायचं नाही, वाचायचं.
एका बाजूला हेड, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्ड,
दोघंही वेगळ्या साच्यात, वेगळ्या पाळीत ओतलेले;
बोल्ट आवळण्याआधी कुणी त्यांना
समोरासमोर उभं केलेलं नाही.

रुपेश मढवीनं शनिवारी एस्टीम आणली
रबाळ्याला, माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये.
घणसोलीचा पोरगा. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर इमारत, तिसरा मजला.
आजोबांचं मिठागर आता कुठल्या सेक्टरखाली आहे
ते त्याला नंबरानं ठाऊक.
म्हणाला, काका, रेसची नको, रोजचीच गाडी,
ऑफिस महापे, सासुरवाडी कळवा,
पण तीन हजाराला तिला ठसका लागतो.

हेड बाकावर घेतलं. निळं मार्किंग फासलं,
स्टडवर गॅस्केट बसवून सुईनं रेघ ओढली.
रेघेच्या आत धातू उरला तो असा:
पहिल्याला नखभर, दुसऱ्याला केसभर,
चौथ्याला काहीच नाही,
आणि तिसऱ्याला खालच्या ओठापाशी अख्खी पायरी.

हवेला पायरी दिसत नाही. ती येते, आदळते,
मागून येणाऱ्या हवेच्या अंगावर पडते.
घणसोलीत गावाची गल्ली जिथे सेक्टरच्या रस्त्याला मिळते
तिथे अशीच एक पायरी आहे.
आखणारा टेबलाशी बसला होता, गल्ली आधीपासून होती.
रिक्षावाले तिथे न सांगता ब्रेक मारतात.

बरला मेणबत्ती चोळायची,
नाहीतर ॲल्युमिनियम दातांत बसतं चिक्कीसारखं.
हात हलका. थांबून बोट आत घालायचं,
डोळ्यांचं ऐकायचं नाही.
हे मानपाड्याच्या टूलरूममध्ये शिकलो, चोवीस वर्षं.
तिथे आता बत्तीस मजले आहेत
आणि गेटवरचा पोरगा विचारतो, कुणाकडे जायचंय?

रुपेशला आरसा हवा होता. मोबाईलवर फोटो दाखवला,
पोर्टात तोंड दिसेल एवढा चकचकाट.
म्हटलं, आरसा बाथरूमला लाव.
पेट्रोलला थोडी खरखर लागते,
नाहीतर भिंतीवर थेंब धरून बसून राहतं.
ऐंशीचा पेपर. बस.
आणि रेघेबाहेर एक कण नाही.
तोंड मोठं केलं म्हणून सिग्नलवरून गाडी उठत नाही,
खाडी रुंद झाली की पाणी संथच होतं.

तिसऱ्याला मात्र आवाज बदलला.
ग्राइंडरचा नव्हे, धातूचा.
कलिंगडावर टिचकी मारावी तसा.
त्या भिंतीपलीकडे पाण्याची वाट,
दीड मिलिमीटरवर असेल, किंवा नसेल.

मी स्विच बंद केला.
बाहेर टँकर रिव्हर्स घेत होता, बराच वेळ.
बोट घातलं. पुन्हा घातलं.
अर्धा मिलिमीटर अजून बाकी होता,
नखाला लागत होता.
पन्नाशीच्या आधीचा मी तोही काढला असता.
(एकदा काढला होता. त्या हेडचं
मी आता पेन-स्टँड केलंय.)

रविवारी रात्री ऐरोलीच्या पुलावर नेली.
तीन हजार. ठसका नाही.
रुपेशनं काच खाली केली, उगाच हॉर्न वाजवला,
म्हणाला, काका, चार घोडे तरी वाढले.
मी म्हटलं दोन.
खरं तर एकही नसेल. नवं गॅस्केट, धुतलेला कार्बोरेटर,
पुलावरचा वारा आणि रिकामा रस्ता,
कुणाचं श्रेय कुणाला, हे मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही.

बिल केलं. पोर्ट जुळवणी, नग चार.
मग चार खोडून साडेतीन लिहिलं
आणि तेवढे पैसे कमी धरले.

त्यानं कागद दिव्याखाली धरला.
काका, अर्धं कुठं गेलं?

कुठं जाणार, म्हटलं. गाडीतच आहे.
पाणी तपासत जा.