पावतीला पावती

परसोडीच्या आयटी पार्कात रात्रीचे साडेअकरा.
कूलरचं पाणी संपलंय, पंप नुसता घरघरतो,
मे महिना भिंतींतून अजून बाहेर येतोय.

बिल्ड हिरवा. चाचण्या हिरव्या.
तरी कळमन्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये प्लगइन चढवलं
की तिसऱ्या सेकंदाला कोसळतं.
लॉग म्हणतो : पावतीला पावती मानता येत नाही.

तीनदा वाचलं.
तेच पॅकेज, तेच स्पेलिंग, तोच क्लास.
एक सर्व्हरने आणलेला,
एक आम्ही डब्यात भरून पाठवलेला.
जावाला नुसतं नाव पुरत नाही,
ती विचारते, तुला आणलं कोणी?

फोनवर धोबळे जांभई देत :
'कायले सगळं भरून नेऊन राहिली तू?
थे तं तिथं हाये ना.
लग्नाले जातानी घरून वरण नेते का कोणी?'

एक शब्द बदलला. पावती आता तिकडचीच.
तर दुसरीच तक्रार : अशी मेथड नाही.
मग अख्खं झाड छापून काढलं.
फांदीला फांदी, तिला फांदी,
आणि पार तळाशी, कुणीच न बोलावलेली,
पाहुण्याच्या पाहुण्यासोबत आलेली
जुनी जेसनची जार. तिकडची त्याहून जुनी.
दोघी एका घरात नांदणार नाहीत.
आमचीचं पॅकेज बदलून टाकलं,
नवं आडनाव लावून आत घेतली.

तेव्हा आई आठवली.
आधारवर कुंदा मोटघरे, पासबुकावर कुंदा रामटेके.
सीताबर्डीच्या बँकेत काचेमागचा माणूस
मान वर न करता म्हणाला, या दोन बाया आहेत.
आई म्हणाली, मग दोघींना बसायला द्या.
खुर्ची एकच होती.
(तिचं उलटं होतं म्हणा. बाई एक, नावं दोन.
पण लायनीत उभं राहून पाय तेवढेच दुखतात.)

एक वाजून वीस. पावती छापली :
लाल मिरची, बेचाळीस पोती, गाळा नऊ.
इतकी साधी गोष्ट.

जून संपता संपता ते सर्व्हर बदलणार आहेत.
बिल्डच्या फाइलीत, त्या आवृत्तीच्या आकड्याशेजारी,
पुढे जो कुणी येईल त्याच्यासाठी लिहिलं :
हे काढू नका.
थोडं थांबून खाली आणखी एक ओळ :
का, ते मलाही पूर्ण कळलेलं नाही.

मग बादली घेतली, कूलरमध्ये पाणी ओतलं.
वाळ्याचा वास यायला बराच वेळ लागला.