इतिहास, पाच प्रतींत

मेजर म्हणाले, तुला टायपिंग येतं,
तेव्हा तुकडीचा इतिहास तूच लिही.
कार्बन घालून पाच प्रती, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत.
विशेषणं नकोत.

तर: तुकडी स्थापन झाली मार्चमध्ये,
नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला, नॉयफेल्ड गावापासून सहा मैलांवर,
जिथं आदल्या वर्षी गहू होता
आणि त्याच्या आदल्या वर्षीही गहू.
धावपट्ट्या तीन. बराकी डांबरी कागदाच्या.
वाऱ्याचा उल्लेख टाळला.
तो विशेषणाशिवाय लिहिता येईना.

विमानं आली तीच थकून,
दुसऱ्या कुणाच्या शिकण्यानं झिजलेली लिबरेटर,
पोटात पेट्रोलचा असा वास की
पोरं सिगारेट ओढायला कुंपणापर्यंत चालत जायची.
एका विमानाला दहा जण. बारा आठवडे.
वैमानिक ड्वेन हॅल्व्हरसन, वय बावीस,
याआधी हाकलेलं सगळ्यात मोठं यंत्र
बापाचं, बीट उपटायचं.
बॉम्ब टाकणारा ऑरिन टकेट,
नेमयंत्राचं गुपित जिवापलीकडे जपेन अशी शपथ घेतलेला;
तो झोपेतसुद्धा ओठ घट्ट मिटून घ्यायचा.

लक्ष्य: ओटिलिया श्टाब यांच्या कुरणात
चुन्यानं आखलेली वर्तुळं, एकात एक.
"सरकारनं मला चुना लावला," बाई म्हणायच्या,
आणि हसायच्या नाहीत.

बॉम्ब पत्र्याचे, शंभर पौंडी, आत वाळू,
शेपटीकडे थोडी दारू, कुठं पडला ते कळावं म्हणून.
वरून तो धूर, ऑरिन सांगायचा,
खाली कुणीतरी शिंकल्यासारखा दिसतो.

ऑगस्टमध्ये, रात्रीच्या सरावात,
एका विमानानं श्टाब बाईंच्या गोठ्याचा दिवा लक्ष्य समजला.
अकरा बॉम्ब. दहा गवतात.
एक वासरावर.
चौकशी झाली, साडेतीन पानं भरली:
वाऱ्याची दिशा, पवनचक्कीवर जळणारा चाळीस वॅटचा दिवा,
वासराचं वय, वाण हेरफर्ड, भरपाई बेचाळीस डॉलर.
सही करता करता बाईंनी विचारलं,
वरच्यांपैकी कुणाला ते दिसलं का?
पुढच्या रविवारी ड्वेन एकटाच गेला,
खड्डा बुजवला, जेवून परतला.
हे इतिहासात नाही.

डिसेंबर, अठरा तारीख. पंखांवर बर्फ.
"एक विमान, दहा जण. कारण अनिश्चित."
खाली मी दहा ओळींची जागा सोडली होती.
मेजर म्हणाले, कागदाची टंचाई आहे.
पण सही करायला त्यांना
नेहमीपेक्षा वेळ लागला.

श्टाब बाई ऑफिसात आल्या, दारातच उभ्या राहिल्या,
बुटांवरचं बर्फ फरशीवर वितळत होतं.
वासरू गेल्यापासून, म्हणाल्या, आवाज आला की मी दिवा विझवते.
त्या रात्रीही विझवला.
नसता विझवला तर त्यांना दिसली असती का, जमीन?
मी म्हणालो, नाही. उंची, बर्फ, इंजिन,
मला जेवढे तांत्रिक शब्द येत होते तेवढे सगळे सांगितले.
मला काय ठाऊक होतं?
मी टायपिस्ट होतो.

एप्रिलच्या पहिल्या तारखेला तार आली: तुकडी विसर्जित.
आयुष्य तेरा महिने. बॉम्ब सहा हजार दोनशे चौदा.
शत्रूवर, शून्य.
शेवटच्या पानावर "निष्कर्ष" असा मथळा हवा होता.
मी मथळा टाइप केला
आणि कागद यंत्रातून काढून घेतला.

एकतीस वर्षांनी गेलो होतो एकदा.
धावपट्टीच्या भेगांत गहू, बॉम्बच्या नळकांड्यात कोंबड्यांचं पाणी.
चुना होता तिथं पीक अजून वीतभर उंच येतं,
बाईंचा नातू म्हणाला, विमानातून गोल गोल दिसत असेल.
मग गोठा दाखवला.
भर दुपारी आत दिवा जळत होता.
आजी होती तोवर विझवू द्यायची नाही, म्हणाला,
का ते कुणी विचारलं नाही.
आता सवय झालीय.
बिल येतं, आम्ही भरतो.