चौदा आटे

लुफिलुफीहून आलेय म्हटलं की मालाकीमामा
काउंटरवर आधी पंजा पसरतो:
"जुनं काय ते दाखव. तोंडी मापं मी घेत नाही."

फडक्यातून काढते आमच्या टाकीचं कोपर,
खारं वारं खाऊन गुलाबी पडलेलं.
"जस्त निघून गेलं यातलं. तांबं तेवढं उरलंय.
दिसतं धड. नखानं दाबून बघ."
दाबलं. भुगा.

आपियाच्या बाजारामागचं दुकान,
लाकडी खण, खणांवर खडूचे आकडे,
आणि आत पितळ, पिकल्या पपईसारखं मंद.
सुट्टीत इथं कामाला होते तेव्हा
पहिल्या दिवशी मी पट्टी लावून पाहिली होती:
अर्धा इंच कुठूनच अर्धा भरेना.
मामा म्हणाला, "कुण्या काळच्या लोखंडी पाइपाचं
पोट होतं अर्धा इंच. पाइप मेला,
नाव मागे राहिलं. घराण्यात असतं तसंच."

नळीचं निराळं. नळी आतून मोजायची.
तिला आटे नसतात, तिच्या पोटात जातात
पितळेचे मागे कललेले काटे,
गळासारखे: येऊ देतात,
जाऊ देत नाहीत.
टोक गरम पाण्यात धर, मऊ पडलं की लोट,
वरून क्लिप आवळ, पण जीव जाईल इतकी नको.

एतुआतीचा खोका त्याच आठवड्यात आला,
पागो पागोहून, रात्रीच्या बोटीनं.
तो तिथं ट्यूनाच्या कारखान्यात पाइप बघतो.
मटणाचे डबे, आईला चपला,
आणि मोज्यात गुंडाळलेलं, चिठ्ठी बांधून,
एक नवं कोपर. अर्धा इंच. "तुमच्या टाकीला."

आईनं ते पदरानं पुसलं, बायबलशेजारी ठेवलं.
मग मी टेप गुंडाळून लावायला घेतलं.
एक फेरा. दोन. तिसरा जरा कुरकुरत.
चौथ्याला पाना लावला. बसलं.

रात्रभर थेंब.

मामानं दोन्ही कोपरं शेजारी ठेवली, आटे मोजले नखानं,
एक एक, ओठ हलवत.
"यांचे इंचाला चौदा. आपले इंचाला चौदा.
म्हणूनच तर पेच आहे."
मग भिंग दिलं माझ्या हातात.
आपल्या आट्यांचे माथे गोल, दरी पंचावन्न अंशांची.
तिकडचे माथे सपाट, दरी साठची.
पाच अंशांची फट,
तिच्यातून पाणी आपली वाट काढतं,
सुईच्या टोकाएवढी.
"जे जातच नाही त्याचा धोका नसतो, पोरी.
जे जातं,
दोन-तीन फेरे गोडीनं जातं,
त्याचं पितळ पाण्यासमोरच उघडं पडतं."

"मग जोडायचं कसं?"
"मधे एक तुकडा लागतो, एका तोंडाला हे, दुसऱ्याला ते.
ऑकलंडहून येईल. महिना धर."

रविवारी एतुआतीचा फोन.
त्याच्याकडे शनिवार. घड्याळ तेच,
दोन बेटांमध्ये वार बदललेला.
तो गंजी घालून बसलेला, हातात बिअर,
आम्ही पांढऱ्या कपड्यांत, देवळातून नुकत्याच.
बोलणं तेच, शिव्या त्याच,
आजोबांच्या नकलेला हसणं तेच.

"कोपर बसलं का?"
आईनं माझ्याकडे पाहिलं.
"बसलं," मी म्हटलं.

पलीकडे तो गप्प.
इथं टाकीखाली पत्र्याची बादली:
टप्. टप्.

"पाऊस लागलाय का तिकडे?" त्यानं विचारलं.
बाहेर उन्हात पांढरे कपडे डोळे दिपवत होते.

"हो," आई म्हणाली, "सकाळपासून."