कुंभारणीचं घर

लुरलीनने आधी खुंट्या पिळून तारा सैल केल्या,
मग झाकणाचे नऊ स्क्रू
कॉफीच्या रिकाम्या डब्यात.
"पोटात काहीतरी खरखरतं," ओझेल म्हणाला होता.
गिटार भावाची. पत्र्याची, कमरेशी गंजलेली,
पाचव्या पडद्याजवळ लाकूड झिजून खोलगट.

घोडीसकट उचलला शंकू,
अॅल्युमिनियमचा, पापडाइतका पातळ.
गुत्त्यातल्या शनिवारच्या कालव्यावर
आवाज चढवायचा तो यानेच.
त्याच्या आतल्या अंगाला चिखलाची नळी:
कुंभारीण माशीचं घर,
यझू नदीकाठची माती,
कधीची रिकामी.

तिने ती अलगद सोडवली,
शंकू पुसला, तारा ताणल्या.
ओझेलने फुटक्या बाटलीची घासलेली मान करंगळीत घातली,
गिटारीच्या मानेवरून
एकच सूर ओढला.
लख्ख.

बराच वेळ तो खुंट्यांकडे बघत राहिला.
"हा वर्डेल नाही," म्हणाला.

बाहेर कापसाचा ट्रक गेला, खिडकी थरथरली.
लुरलीनने वर्तमानपत्रावरची नळी
बोटाने जवळ ओढली. शाबूत होती,
एक कोपरा सोडून.
"काढायचे वीस डॉलर," ती म्हणाली,
"परत चिकटवायचे किती
ते अजून कुणी विचारलं नव्हतं."